रव म्हणणाऱ्यानंच सोडवायचं

रविवार, तुळशीची लग्नं उरकल्यानंतरचा. वेळ दुपारची, पाहुणे जेवून किनाऱ्यावर गेलेले. जागा आमच्या घरापुढचं खळं. हजर: मी, माझा नवरा, पलीकडच्या घरात राहणारा धाकटा दीर, त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ, आणि कुत्री. कुत्री माडाच्या आळ्यात बसली होती, पाठ माडाला, तोंड आमच्याकडे. गैरहजर कोणी नाही. ज्यांना ज्यांना माहीत होतं ते सगळे तिथे होते, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांत मी एकटीच होते.

असं टिपण ठेवणं हा माझा स्वभाव आहे. आम्ही निवास-न्याहारी चालवतो. कोणत्या खोलीत कोण, कोणाला मासे चालत नाहीत, कोणाला कुडाळ स्टेशनवर सोडायचं, हे माझ्याकडे असतं. गावातल्या कुत्र्यांचंही हळूहळू माझ्याकडेच आलं. सकाळी फाटकाशी कोणीतरी उभं असतं.

"वैनी, कुत्रो गवत खाता. पाऊस येतलो काय?"

"जंताची गोळी कधी दिलेलंस?"

"ती कसली?"

असं. मी डॉक्टर नाही. पण पाहते, गुरांच्या डॉक्टरांना विचारते आणि लक्षात ठेवते. एवढं केलं तरी आपल्याकडे पुष्कळ होतं.

आमची कुत्री आली ती शेतातल्या मांगरातून, म्हणजे खोपटातून, दूध सुटल्यावर. तांबूस अंग, एक कान उभा, एक पडका. शहरातल्या शिबिरात नसबंदी करून आणली, तेव्हा खूण म्हणून उभ्या कानाचं टोक कापलेलं. आपल्याकडे कुत्रं दोनच तऱ्हांनी पाळतात: कायम बांधलेलं नाहीतर कायम सोडलेलं. बांधलेलं भुंकून भुंकून कडू होतं आणि सोडलेलं कोणाचंच नसतं. मला मधलं हवं होतं. म्हणून शिकवायला बसले.

शब्द मालवणी ठेवले, कारण घरात तेच बोललं जातं. बस. ये. रव. नवरा पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या कुत्र्याक इंग्लिश कळणा नाय हां, मराठी मिडियम आसा." पाहुणे हसायचे. तोही खूश असायचा. या घरात कुत्री माझ्याइतकीच त्याची होती, हे मी इथेच लिहून ठेवते. त्याशिवाय पुढचं सगळं खोटं वाटेल.

"रव" म्हणजे थांब. हा शब्द सगळ्यात कठीण आणि सगळ्यात उपयोगी. शिकवायची रीत साधी आहे. कुत्र्याला बसवायचं, पंजा उघडून तळहात त्याच्यापुढे धरायचा, रव म्हणायचं, एक पाऊल मागे जायचं आणि लगेच परत येऊन उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. मग दोन पावलं. मग दाराआड. उठलं तर ओरडायचं नाही. आपण घाई केली असं समजायचं आणि पुन्हा एका पावलावर यायचं. सोडवायला वेगळा शब्द हवा. आमचा "चल". रव म्हटलेल्या कुत्र्याला लांबून हाक मारायची नाही, आपण त्याच्याकडे परत जायचं. आणि ज्यानं रव म्हटलं त्यानंच सोडवायचं. हा नियम मी घरात सगळ्यांकडून पाठ करून घेतला होता. रव म्हणजे कुत्र्याला दिलेला शब्द असतो: मी परत येणार आहे, तोवर तू हलू नकोस. तो शब्द एकदा मोडला की कुत्रं पुढच्या वेळी हिशेब लावू लागतं.

घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे, हाही नियम. एकानं थांब म्हणायचं, दुसऱ्यानं ए म्हणायचं, तिसऱ्यानं चप्पल फेकायची, असं केलं की कुत्रं काहीच शिकत नाही. म्हणून नवऱ्यालाही शिकवलं. तो माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी निघाला. सकाळी आमची पांढरी व्हॅन काढताना फाटकाशी तळहात धरायचा, रव म्हणायचा, गाडी रस्त्यावर घ्यायचा, उतरून फाटक ओढायचा आणि मग आतल्या बाजूला वाकून चल म्हणायचा. कुत्री एकदाही रस्त्यावर आली नाही.

यंदाच्या पावसाळ्याच्या शेवटी तिचा पडका कान दुखायला लागला. डोकं झाडायची, कानामागे पाय मारायची. कान उचलून वास घेतला तर आंबूस. आत तपकिरी मळ. आपल्याकडच्या दमट हवेत हे फार होतं, पडक्या कानांना जास्त. आठवड्यातून एकदा कान उचलून वास घ्यायची सवय ठेवावी, नाकाला आधी कळतं. दीर म्हणाला, "कोमट खोबरेल घाला, वैनी. दोन दिसांत बरा." आपल्याकडे कानात खोबरेल हा सगळ्याच दुखण्यांवर उपाय. माणसाच्या, वासराच्या, कुत्र्याच्या. पण ओल्या, मळलेल्या कानात तेल घातलं की मळ आत बसतो आणि दुखणं वाढतं. मी घालू दिलं नाही. गुरांच्या डॉक्टरांनी कान पुसायचं औषध आणि थेंब दिले, दिवसातून दोनदा, आणि मधे सोडू नका म्हणाले. बरं वाटलं म्हणून थांबवलं की परत उलटतं.

याच दिवसांत पाहुण्यांच्या एका लहान मुलीनं कुत्रीच्या गळ्यात हात टाकले. लाडानंच. कान दाबला गेला. कुत्री गुरगुरली. चावली नाही, दात दाखवले नाहीत, नुसती गुरगुरली आणि बाजूला झाली. पण मुलीची आई घाबरली, आणि त्यांनी जाताना मोबाइलवर लिहिलं की जागा छान, जेवण उत्तम, कुत्रं धोकादायक.

मी त्या रात्रीच्या जेवणानंतर पडवीत सगळ्यांना बसवून सांगितलं. गुरगुरणं ही कुत्र्याची सभ्यता आहे. तो इशारा आहे. गुरगुरल्याबद्दल मारलं की कुत्रं गुरगुरायचं सोडतं आणि सरळ चावायला शिकतं. शांत कुत्रं अचानक गुरगुरलं तर आधी दुखणं शोधायचं. मग उपाय सांगितले: पाहुण्यांची मुलं असतील तेव्हा कुत्री मागच्या दारी, जेवण वेगळ्या कोपऱ्यात, कान बरा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, फाटकाला पाटी. सगळे हो म्हणाले. नवरा हो म्हणाला. दीर म्हणाला, "वैनी म्हणतली ती पूर्व." जाऊ हसली. मी समजले, ठरलं.

दिवाळीच्या थोडं आधी माझ्या आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आई आरोंद्याला एकटी राहते. तिथे थेंब घालायला, वाकू न द्यायला, चुलीजवळ जाऊ न द्यायला कोणीतरी हवं, म्हणून मी गेले. निघण्याआधी नवऱ्याला कानाचे थेंब घालून दाखवले: आधी अंड्याचा तुकडा, मग एक हात हनुवटीखाली, कानाची पाळी वर, थेंब, कानाच्या मुळाशी हलकं चोळणं, पुन्हा तुकडा. समोरून वाकायचं नाही, बाजूला बसायचं. त्यानं माझ्यासमोर दोनदा घालून दाखवले. नीट घातले.

मी तिकडे आईच्या डोळ्यात थेंब घालायचे आणि फोन करायचे.

"घातलंस काय कानात?"

"गुरगुरता गो माझ्यार."

"समोरून वाकतास तुमी. बाजूक बसा. आधी अंडा."

"बरा."

दुसऱ्या दिवशी, "आज घातलंय. बरी रवली." त्याच्या पुढच्या दिवशीही बरी. आई म्हणायची, "कुत्र्याची इतकी चवकशी करतस, घोवाची कर मगे." आम्ही दोघी हसायचो.

दिवाळीत फोन आला. नवऱ्याचा आवाज उतरलेला.

"फटाक्यांक भियाली. पळाली. सगळीकडे बघलंव."

मी एका क्षणात विश्वास ठेवला. ठेवणारच. फटाक्यांना कुत्री पळतात, हे मीच दर वर्षी सगळ्यांना सांगते: दिवाळीत संध्याकाळनंतर आत घ्या, पंखा मोठा करा, दार लावा, पट्ट्यावर फोन नंबर शिवा. त्याला वेगळं काही रचावंच लागलं नाही. माझ्याच सांगण्यातलं एक वाक्य उचललं आणि मला परत दिलं.

आईपाशी चुलत बहिणीला बसवून मी घरी आले आणि कामाला लागले. हरवलेलं कुत्रं शोधायची एक रीत आहे. घाबरलेलं कुत्रं सुरुवातीला लांब जात नाही. जवळच कुठेतरी गच्च लपतं, मोरीत, लाकडांच्या ढिगाखाली, आणि ओळखीच्या हाकेलाही बाहेर येत नाही. म्हणून आरडाओरडा करत टोळी घेऊन फिरू नये. एकट्यानं, हळू, नेहमीच्या आवाजात बोलत फिरावं. जिथून ते गेलं तिथे आपलं अंगावरचं, न धुतलेलं कापड ठेवावं आणि शेजारी पाणी. वास हा कुत्र्याचा पत्ता.

मी अंगावरची साडी काढून फाटकाशी ठेवली. रोज सकाळी दवानं ओली झालेली उचलून दुसरी ठेवायचे. गावाच्या मोबाइलवरच्या गटात फोटो टाकला. कट्टा गावच्या बाजारात आणि एसटी थांब्यावर कागद लावले. नवरा प्रत्येक ठिकाणी माझ्याबरोबर होता. स्कूटर तो चालवायचा, मी मागे बसून हाक मारायचे. पाणंदीत उतरून तोही मारायचा. चष्मा सावरत करवंदाच्या जाळीत वाकून बघायचा. काटे लागले त्याच्या हाताला, मी घरी येऊन औषध लावलं. हे मी पुन्हा पुन्हा आठवते आणि मला कळत नाही की हाक मारताना त्याच्या आवाजात काहीच कसं नव्हतं.

एकदा जाऊ चहा घेऊन फाटकाशी आली. जमिनीवरच्या साडीकडे बघत उभी राहिली.

"वैनी, ती साडी धुवक टाका आता."

मला वाटलं, बिचारीला माझं वाईट वाटतंय.

मग फोटो आला. दर वर्षी आमच्याकडे येणाऱ्या एक कोल्हापूरच्या शिक्षिका आहेत. यंदा आमच्याकडून निघून त्या विजयदुर्गाचा किल्ला बघायला गेल्या होत्या. किल्ल्याखालच्या जेटीवरून त्यांनी पाठवलं: "काकू, ही तुमचीच ना? कानाचं टोक कापलेलं आहे." फोटोत बर्फाच्या खोक्यांशेजारी भिंतीला लागून तांबूस कुत्री बसलेली. बाकीची कुत्री लांब, मासळीच्या पाट्यांभोवती. ही एकटी, रस्त्याकडे तोंड करून.

मी फोन उलटा ठेवला आणि पोहे ढवळत राहिले, कारण पाहुणे टेबलावर बसले होते. ढवळता ढवळता विचार सरळ झाला. घाबरलेलं कुत्रं इतक्या खाड्या आणि पूल ओलांडून विजयदुर्गापर्यंत जात नाही. कोणीतरी नेलं. आणि नेऊन बंदरावर का सोडलं, हे मला विचारावंच लागलं नाही. आपल्या किनारपट्टीवर नको झालेलं कुत्रं, मांजर कोणी मारत नाही, विष घालत नाही. पाप लागतं. बंदरावर नेऊन सोडतात. तिथे मासळीची डोकी, आतडी पडलेली असतात. "बंदरार उपाशी मरणा नाय," असं म्हणतात आणि हात धुतात. सोडणाऱ्याला वाटतं, आपण त्याची सोय लावली. लांबच्या बंदरावर सोडायचं, म्हणजे परत येत नाही, हाही रिवाजच.

शनिवारी सकाळी पाहुण्यांची न्याहारी झाल्यावर मी पट्टा, जुनी चादर आणि उकडलेली अंडी पिशवीत घातली.

"खंय चललंस?" नवऱ्यानं विचारलं.

"काम आसा."

व्हॅननं सोडतो असं तो म्हणाला नाही. एरवी म्हणतो.

एसटी बदलत मी पोचले तेव्हा मासळीचा लिलाव संपला होता. कुत्री फोटोतल्याच जागी होती. बारीक झालेली, गळ्यातला नंबरचा पट्टा नाही. कान सुजलेला, खांद्यावर चावल्याची खूण, पायांचे तळवे मिठानं फुटलेले. बर्फाच्या खोक्यांपाशी एक मासे विकणारी बाई पाट्या धूत होती.

"ह्यां कुत्रां कधीपासून आसा हंय?" मी विचारलं.

"दिवाळीपासून गो बाय. तुजा काय?"

"माझा."

तिनं हात पुसले. "एक धवी व्हॅन इली. चष्मेवालो होतो एकटो. उतरल्यान, भिंतीकडे बसवल्यान, असो हात केल्यान पोलिसासारखो," तिनं तळहात उघडून माझ्यापुढे धरला, "आणि गाडयेत बसान गेलो. ह्यां मेलां उठलाच नाय. मी म्हटलंय, धाव तरी मागसून. नाय. पहिले दिवस खावकसुद्धा उठना नाय होता. आता जाता खावक, पण फिरान थंयच येवन बसता."

मी तळहाताकडे बघत राहिले. तिनं तो खाली घेतला.

"मास्तर मरो तुजो, शिकवलेला बरा आसा पण," ती म्हणाली.

लोकांना मी हे सांगितलं की म्हणतात, बघा, किती आज्ञाधारक. मी त्यांना थांबवते. कुत्रं इतके दिवस आज्ञा पाळत बसत नाही. जिथे आपल्या माणसाचा वास शेवटचा संपला, तिथे ते परत परत येतं, एवढंच. पण पहिल्या दिवशी ती गाडीमागे धावली नाही, ते मात्र शिकवल्यामुळे. ते माझं.

मी बाजूला बसले, समोर नाही. तिला वास आला. शेपटी जमिनीवर हलली, पण ती उठली नाही. मी "चल" म्हटलं. ती उभी राहिली, दोन पावलं आली आणि थांबून माझ्या मागच्या रस्त्याकडे बघितलं. अंडं ठेवलं ते तिनं माझ्या हातातून नाही, जमिनीवरून उचललं. पट्टा लावू दिला. भाड्याचा टेम्पो आला, तेव्हा इंजिनचा आवाज ऐकून चारही पाय ताठ करून बसली. शेवटी मी आणि त्या बाईनं चादरीत गुंडाळून उचललं. तिनं मला चावायचा प्रयत्न केला. मी तोंड बाजूला केलं, एवढंच. भेदरलेलं कुत्रं कोणालाही चावतं. अशा वेळी त्याचं मनावर घ्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरांचे डॉक्टर घरी आले. कान साफ केला, खांदा धुतला. परक्या कुत्र्याचा चावा असल्यामुळे आधीची रेबीजची लस झालेली असूनही पुन्हा लस दिली आणि पुढची तारीख सांगितली. पाळीव कुत्र्याला दुसरं कुत्रं चावलं की "आमच्याची लस झाली आसा" म्हणून बसू नये. त्याच दिवशी दाखवावं. डॉक्टर गेले, पाहुणे जेवून किनाऱ्यावर गेले, आणि मी सगळ्यांना खळ्यात बोलावलं.

रागावले की मी पुस्तकी मराठीवर येते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"कोणाकोणाला माहीत होतं?" मी विचारलं.

"वैनी, गावली ना? मगे इषय सोडा," दीर म्हणाला.

"मी विषय सोडायला बोलावलेलं नाही."

नवरा खुर्चीच्या हाताकडे बघत बोलला. "माका काय हौस होती? थेंब घालूक गेलंय, बोटाक दात लावल्यान. रगत इला. चार दिसांनी सगळे खोल्ये भरतले होते. पोरां येतली होती. एखाद्या पोराचा तोंड फाडल्यान असता तर?"

"म्हणजे तुम्ही थेंब घातलेच नाहीत."

त्यानं ते बोट मुठीत झाकलं.

"घातले, बरी राहिली, असं रोज सांगत होता."

"तू थंय आवशीक बघतलंस की हंय धावतलंस? म्हणान सांगूक नाय."

"मला फोन करून विचारता आलं असतं, काय करू."

"विचारलंय असतंय तर तू नाय म्हटलं असतंस."

"बरोबर. म्हणून विचारलं नाही."

दीर मधे पडला. "आमी काय इख घालूक नाय, वैनी. बंदरार सोडली. आमच्या बापाशीनपण सोडलेले. थंय कोण उपाशी रवणा नाय. एका कुत्र्यापायी माणसांचो तमासो कित्या करतास?"

मी जावेकडे वळले. "आणि तू?"

"माका मागसून कळला. सांगा नको म्हणाले." तिनं त्या दोघांकडे बघितलं नाही, खाली बघितलं. "ती साडी थंय रोज बघवना नाय माका. म्हणान म्हटलंय धुवक टाका."

तिच्या मनात माझ्याबद्दल दया होती, हे खरं होतं. सांगण्याइतकी नव्हती, हेही खरं होतं.

"एकच विचारते," मी नवऱ्याला म्हटलं. "तिला तुम्ही रव म्हणालात?"

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर, खरं सांगते, मला एखादी चांगली गोष्ट सांगायची असल्यासारखा भाव होता.

"म्हटलंय. तू शिकवलेला म्हणान तर सोपा झाला. नायतर गाडयेमागसून धावली असती, खंयतरी चाकाखाली इली असती. मी तिच्या जिवाक जपान केलंय गो सगळा."

मी उठले आणि मागच्या दारी जाऊन पाहुण्यांच्या टॉवेलांच्या घड्या घातल्या. सगळ्या. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माणूस दारू पीत नाही, हात उचलत नाही, माझ्या आईच्या औषधांची आठवण तोच करून देतो. तो खोटं बोलला, याचं मला फारसं नवल वाटलं नाही. पण मी त्याला एक गोष्ट विश्वासानं शिकवली होती, आणि त्यानं ती नेमकी, न चुकता, माझ्या रीतीनं वापरली होती. तळहाताची उंचीसुद्धा बरोबर असणार.

त्यानंतरचं सांगते, कारण वाचणाऱ्याला हेच उपयोगी पडेल. बिघडलेला शब्द दुरुस्त करत बसू नये. तो टाकून द्यावा. मी रव म्हटलं की कुत्री आता उठते आणि माझ्या पायाला चिकटून चालते. ती चुकत नाही, त्या शब्दाचा तिला जो अर्थ कळला त्याप्रमाणे वागते. म्हणून घरात तो शब्द बंद केला. चटई आणली. चटईवर बसली की तुकडा, उठली तरी काही नाही. दाराआड मी अजून गेलेले नाही. व्हॅन सुरू झाली की ती घराच्या मागे जाते. तेव्हा तिला ओढायचं नाही, पुढे बोलवायचं नाही. गाडी बंद असताना तिच्या जवळपास जेवण ठेवायचं, रोज थोडं जवळ. याला किती दिवस लागतील ते कोणी सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याचं ऐकू नये.

नवरा सकाळी अंडं उकडतो. मी सांगितलेलं नाही. खळ्यात बाजूला तोंड करून बसतो, तुकडा जमिनीवर ठेवतो, हात मागे घेतो. ती घेते. त्याच्या हातातून घेत नाही. तो माझ्याकडे बघतो. मी बादली उचलून आत जाते. तो बरोबर बसतो, समोरून वाकत नाही, घाई करत नाही. म्हटलं ना, चांगला विद्यार्थी आहे. काल त्यानं विचारलं, "तू माझ्यार कधी इश्वास ठेवतलंस?" मी म्हटलं, "माका तारीख म्हायत नाय." हे मी रागानं म्हटलं नाही. मला खरंच माहीत नाही.

आईचा फोन येतो. एक डोळा लख्ख झाला आहे. पेपर वाचते, भिंतीवरची जळमटं दिसतात म्हणून तक्रार करते. दुसऱ्या डोळ्यात अजून धुकं आहे.

"दुसऱ्या डोळ्याचा कधी करूचा गो? डॉक्टर तारीख मागता."

"बघतंय, आये."

"काय बघतस? मागच्यासारखी ये, र्‍हव, जा."

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. जावई तिचा लाडका आहे. तिकडे जायचं म्हणजे पुन्हा तेवढेच दिवस, आणि कुत्री गाडीत बसत नाही, म्हणजे तिला बरोबर नेता येत नाही. घरी ठेवायची तर कोणाजवळ, या प्रश्नाला माझ्याकडे तीन माणसं आहेत आणि एकही उत्तर नाही. जाऊ म्हणाली, "मी बघीन, वैनी, देवाशप्पत." मी तिला बरं म्हटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर लावते आणि लागायच्या आत बंद करते. आईच्या डोळ्याची तारीख घ्यायची राहिली आहे.